नाल्याकाठचा विळा

मित्रांनो, खोपीच्या भिंतीला खिळ्यावर लटकलेला जो काळपट विळा दिसतोय ना, तो मीच. आता धार बोथटली आहे, पण एके काळी माझा रुबाब काही औरच होता.

लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यापासून घडवलं. भट्टीत तापलो, घणाखाली ठेचला गेलो आणि शेवटी आबांच्या हातात आलो. शहराबाहेरच्या नाल्याकाठी त्यांची पालकाची शेती होती. विहीर आटली होती, नाल्याला मात्र बारमाही पाणी. घराघरांतलं सांडपाणी, शिवाय धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी, सगळं त्यातून वाहायचं. आबा तेच पंपाने वाफ्यांत सोडत.

पालक कसा तरारून यायचा! पाळणाघराची स्वयंपाकीणबाई सकाळी जुड्या न्यायला आली की म्हणायची, "आबा, पानं आहेत की हत्तीचे कान?" आबा मिशीत हसायचे आणि जाता जाता माझी मूठ पुसायचे. मलाही मूठभर मांस चढायचं.

एकदा प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या. त्यांनी पाणी, माती आणि भाजी पिशव्यांत भरून नेली. पुन्हा आल्या त्या सकाळी आबा आणि त्यांची सून जुड्या बांधत बसले होते.

"आबा, तुमच्या पालकात शिसं आणि कॅडमियम निघालंय. खाण्यालायक नाही तो," बाई म्हणाल्या.

"मग धुऊन खायचा," आबा म्हणाले.

"ते पानावर नसतं हो, पानाच्या आत असतं. मुळांनी पाण्यातून ओढून घेतलेलं. धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही."

"माझी भाजी आजवर कुणाला बाधली नाही!"

"ही बाधा लगेच कळत नाही. शरीरात थोडंथोडं साठत जातं. लहान मुलांना तर फारच वाईट."

आबांचा पारा चढला. त्यांनी एक पान खुडलं आणि कचाकचा चावलं. "बघा! काही झालं मला?"

शेजारी त्यांची नात खेळत होती. आजोबा खातात म्हटल्यावर तिनेही हात पसरला, "मला पण!"

आबांनी दुसरं पान तोडलं खरं, पण ते तिच्या हातात पडलं नाही. त्यांचा हात आपोआप मागे आला. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं आणि बांधलेल्या जुड्या सोडायला घेतल्या.

तेवढ्यात स्वयंपाकीणबाई आली. आबा उठून तिच्यासमोर उभे राहिले. "बाई, माझी भाजी आजपासून नेऊ नका." आणि त्यांनी कारणही सांगितलं.

"आणि इतके दिवस पोरांनी खाल्ली, त्याचं काय?" ती कडाडली.

ती रिकामी टोपली घेऊन तरातरा निघून गेली.

त्या दिवशी मी अख्खा मळा कापला. एकही पान बाजारात गेलं नाही, शेळीपुढेही पडलं नाही. बाजूचे शेतकरी म्हणाले, "म्हाताऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला." पण पुढे त्यांच्यातल्याच दोघांनी गुपचूप आपलं पाणी तपासायला दिलं.

पाळणाघरातल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा दोघांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डॉक्टरांनी त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि ते हळूहळू उतरलं. निरोप आला तेव्हा कुठे आबा पोटभर जेवले.

मातीतलं विष मात्र एवढ्यात जायचं नाही. म्हणून सुनेने तिथे फुलं लावली. फुलं कात्रीने कापतात, त्यामुळे मी खिळ्यावर आलो. गंज चढतोय, वाईटही वाटतं. पण तक्रार नाही.

स्वयंपाकीणबाई वर्षभर या वाटेला फिरकली नाही. परवा अचानक दारात उभी! बसली, पाणी प्याली, म्हणाली, "आबा, हल्ली भाजीवाला दिसला की मी आधी विचारते, पाणी कुठलं? लोक हसतात मला."

"हसू देत," आबा म्हणाले. "तुम्ही विचारत जा."

मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. आणि उरलेला रंग, जळकं तेल, फुटकी बॅटरी मोरीत किंवा गटारात लोटण्याआधी एवढं आठवा, की त्या पाण्याच्या काठाला कुणीतरी भाजी पेरून बसलेलं असतं.