मऊ पडलेला ब्रेक

बातमी आली तो मंगळवार अगदी साधा होता. शाळेला सुट्टी होती. बाई अंगणात, उभ्या गाडीच्या सावलीला खुर्ची टाकून गणिताचे पेपर तपासत होत्या. आतली कोंदट हवा जावी म्हणून गाडीचं दार उघडं ठेवलं होतं. फोन वाजला. "हो, मीच त्यांची पत्नी," एवढंच त्या म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. लाल पेनाला टोपण लावलं, पेपर पालथे घातले आणि समोरच्या उघड्या दारातून येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

मी त्याच गाडीचा ब्रेक बोलतोय. पायाखालची लोखंडी पट्टी आणि तिच्यावरचं गुळगुळीत झालेलं रबर, एवढाच मी दिसतो. माझा पहिला मालक एक डॉक्टर होता. कायम घाईत. माझ्यावर पाय असा आपटायचा, जणू मीच त्याचा रस्ता अडवलाय. माणसाचा स्वभाव चेहऱ्यापेक्षा तळपायात जास्त असतो, हे मला तेव्हाच कळलं.

नंतर आले मिस्त्री, बाईंचे यजमान. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. लांबूनच वळण हेरून ते माझ्यावर अलगद पाय ठेवायचे, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. दर रविवारी दोन तासांचा उताराचा रस्ता उतरून आम्ही त्यांच्या आईकडे जायचो. म्हातारी धाकट्या मुलाकडे असते.

माझं दुखणं साधं होतं. मागच्या चाकाकडे जाणारी तेलाची रबरी नळी चिरली होती, ती मिस्त्रींनी बदलली. पण नळी बदलली की आत हवा शिरते, मी मऊ पडतो, आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने चाकाशी बसून बारीक स्क्रू सैल करायचा, दुसऱ्याने मला दाबायचं. दाबायचं काम नेहमी बाईंचं. आणि बाईंपुढे पेपरांचा ढीग होता.

"रविवारी बसू," त्या म्हणाल्या होत्या.

"बसू. तोवर मी बसने जातो," मिस्त्री म्हणाले. मंगळवारी ते कामावर गेले ते बसनेच. तिथेच, एका मशीनपाशी, छातीत कळ येऊन बसले ते उठलेच नाहीत.

म्हातारीला कुणी कळवलं नाही. तिचं काळीज आधीच नाजूक. दोन आठवडे उलटल्यावर बाईंच्या दिराचा फोन आला. "वहिनी, आई सारखी विचारते. सांगून टाकू का मीच?"

"नको, भाऊजी. मी येऊन सांगते. त्यांच्याच गाडीने येते. तोवर कामात आहेत म्हणा."

"एवढ्या उतारावरून? त्या ब्रेकवर?"

"ब्रेकचं मी बघते."

बाईंची थोरली बहीण मुक्कामाला होती. ताईंनी कपाळाला हात लावला. "गॅरेजवाला काय मेलाय का गं?" म्हणाल्या, आणि जीभ चावली.

"ताई, हे रविवारी मी करणार होते. आता करते."

बाईंनी आधी मला नीट तपासलं. एकदा दाबलं, मी खोल गेलो. भराभर तीनदा दाबलं, मी कडक झालो. तसंच दाबून धरून त्यांनी तीसपर्यंत आकडे मोजले. मी खाली सरकलो नाही. "म्हणजे हवाच आहे," त्या पुटपुटल्या. चारही चाकांमागे हात फिरवून पाहिला, कुठे ओल नव्हती. ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणली. गाडी जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे दिले.

ताई सीटवर बसल्या. बाई मागच्या चाकाशी, हातात पाना. स्क्रूला पारदर्शक नळी, नळीचं टोक दुसऱ्या एका बाटलीतल्या तेलात.

"दाब!"

"दाबलं बाई."

"धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

"अगं, माझा गुडघा आहे की तुझा जॅक?"

स्क्रू सैल झाला, मी खाली गेलो, नळीतून बुडबुडे धावले. स्क्रू आवळला. "सोड." असं कितीदा तरी. मागची दोन्ही चाकं झाली. मी हळूहळू ताठ होत होतो. पण तिसऱ्या चाकाला अचानक सगळं बिघडलं. ताईंनी दाबलं आणि मी थेट जमिनीला टेकलो.

"मेला हा!" ताई ओरडल्या.

बाई मातीतच बसून राहिल्या. इतकी वर्षं हे काम केलं, पण आतून, सीटवरून. बॉनेट उघडं असायचं, पुढचं काही दिसायचं नाही. एका चाकाचं झालं की मिस्त्री पुढे जाऊन थोडा वेळ गप्प उभे राहायचे. बाई आतून टोमणा मारायच्या, "झाली का विश्रांती?" ते म्हणायचे, "झाली हो."

बाई उठल्या, बॉनेटपाशी गेल्या आणि ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. डबी कोरडी होती. तेल संपलं, की डबीच पुन्हा हवा आत ओढते.

"ताई," त्या म्हणाल्या, "ते विश्रांती घेत नव्हते गं. दर वेळी तेल भरत होते."

"मग सांगायचं ना तसं!"

"मी कुठे विचारलं कधी? मी नुसती बोलत होते."

ताईंनी पाय तेवढा जागेवर आणला.

डबी भरून दोघींनी पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक चाकानंतर बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि तेल भरून आल्या. चौथ्या चाकाचा स्क्रू आवळला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाई आत बसल्या. मला दाबलं. मी अर्ध्यावर थांबलो आणि हललो नाही. त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"रड आता खुशाल," ताई म्हणाल्या. "ब्रेक झालाय."

आधी गल्लीत, चालण्याच्या वेगाने, चारदा थांबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. उतारावर बाईंनी मला जरा जास्तच दाबलं. मी तक्रार केली नाही.

दिराच्या घराच्या फाटकाशी गाडी थांबली. म्हातारी ओट्यावर बसली होती. दिसत कमी, पण गाडीचा आवाज तिच्या ओळखीचा.

"आलास का रे?" ती म्हणाली. "एवढं कसलं काम काढलंस?"

बाईंनी पाय उचलला. त्या उतरल्या, ओट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. आता म्हातारी त्यांना विचारतेय, तू एकटीच आधी आत आलीस, तो अजून गाडीतच का. सांगायचं अजून राहिलं आहे.