रस्त्याकडची खोली

कॅसेटच्या डबीवरचा तो हसरा चेहरा... पांढरा सदरा, हातात उघडं बायबल, खाली नाव – ब्रदर संपत. प्रभावतीबाईंनी डबी पालथी घातली, पुन्हा उलटली. संध्याकाळी ते उत्तर ऐकायला येणार होते. घराची रस्त्याकडची खोली उपासनेसाठी त्यांना द्यायची, की भोकरदनहून एसटीनं येणाऱ्या म्हाताऱ्या धर्मराज पाळकांना? मागितली दोघांनीही होती – संपतनी हक्कानं, धर्मराजांनी चाचरत, तेही एकदाच.

संपतच्या सभेत आपण रडलो, हे खोटं कसं म्हणायचं? यजमान गेल्यापासून आत गोठलेलं काहीतरी त्या दिवशी वाहिलं... आणि धर्मराजांच्या उपदेशात डुलकी लागते! मग देव कुठं होता – त्या रडण्यात, की या डुलकीत?

दारात गोजरबाई येऊन टेकली. कपाळाला खोक, ओठ सुजलेला. प्रभावतीबाई दवाखान्यात नर्स होत्या तेव्हापासून तिच्या फिटच्या गोळ्या चालू होत्या.

"गोळ्या चुकवल्यास?"

"बंदच केल्यात, सिस्टर. ब्रदर म्हन्ले, तू बरी झालीस, आता गोळी घेशील तर इश्वास कच्चा."

"मग पडलीस ते सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं की. म्हन्ले, तुझ्याच मनात शंका असंल." ती जमिनीकडं पाहत राहिली. "सकाळी पाळकबाबा आल्ते. प्रार्थना केली, अन् म्हन्ले, जल्दी जाय सिस्टरकडं."

प्रभावतीबाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली. "गोळ्या आजपासून सुरू. बिलकुल चुकवायच्या नाहीत."

"मंग देव रागावंल?"

"नाही गं."

हे आपण इतक्या खात्रीनं कसं म्हणालो? पण म्हणालो... आणि म्हणताच खोलीचंही ठरून गेलं. संपतना नाही म्हणायचं. मात्र ते रडणं? ते खोटं नव्हतं. ते माझं होतं, माझ्या माणसासाठी होतं – संपतनी फक्त दार ढकललं. धर्मराजांसमोर ते पुन्हा कधी येईल का? कदाचित नाहीच. तो कोरडेपणा आता पत्करायचा...

बाहेर जीप थांबली. आपल्याला राग येईल असं प्रभावतीबाईंना वाटलं होतं. पण फाटकातून हसत येणारा तो तिशीचा माणूस पाहताना मनात आली ती काळजीच – याला आजवर कुणी, प्रेमानं, नाही म्हटलंच नसेल का? आणि आपल्याला तरी ते जमेल का... त्या उठल्या, आणि आपण संपतसाठीच प्रार्थना करू लागलो आहोत, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.