हिवाळ्याची खाट

थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून किनुयोने नळाच्या पाइपांतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि बोचकं उचलून पहिल्या बर्फातच बस पकडली. उत्तर जपानातल्या होक्काइदोच्या त्या डोंगरात एकट्या म्हाताऱ्यांचा हिवाळा गावच्या इस्पितळातच जायचा. नोव्हेंबरात भरती, एप्रिलात घरी. तिची ही एकोणिसावी खेप.

काशिवागी नावाच्या नव्या डॉक्टरांनी तिला नखशिखांत तपासलं.

"आजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही. यंदापासून आजारी माणसालाच खाट द्यायची, असं ठरलंय. घरी आठवड्यातून दोनदा बाई येईल, बर्फ काढायला माणूस येईल."

"आणि मधल्या दिवशी मेले तर?"

डॉक्टर कागद चाळत राहिले. त्यांचं काही चुकत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. बर्फाखालच्या घरात आपण मरून पडू आणि कोणाला पत्ताही लागणार नाही, एवढीच तिची भीती. आज तीसुद्धा वाटेना. तिने बोचकं उचललं.

इगाराशी नावाची जुनी नर्स तिला बसपर्यंत सोडायला आली.

"तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या तोमिए आजींनाही काल परत पाठवलं. एक शब्द बोलल्या नाहीत हो."

"ती? ती तर घोरतानाही बडबडते."

किनुयोचा थांबा आला. तिचं बंद घर दिसलं. ती उठली नाही. तीन थांबे पुढे जाऊन उतरली आणि विचारत विचारत तोमिएच्या दारात पोचली. अठरा हिवाळे शेजारी झोपून तिने हे घर कधी पाहिलं नव्हतं.

तोमिएने दार उघडून आधी बोचक्याकडे पाहिलं.

"पाणी काढून टाकलंय मी," किनुयो म्हणाली.

"मीही काढलं होतं. काल परत सुरू करताना कंबरडं मोडलं." तोमिए बाजूला झाली. "ये. पण इथे खिडकीजवळ मी झोपणार. इस्पितळात कायम तूच झोपलीस."

"बरं."

सकाळी सहाला, इस्पितळातल्या ताप बघायच्या वेळेला, तोमिएने उशाखालून थर्मामीटर काढून पुढे केला. किनुयोने तो काखेत धरला.

"छत्तीस पॉइंट चार," तिने वाचून सांगितलं.

तोमिएने आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, थर्मामीटर झटकला आणि स्वतःच्या काखेत घातला. किनुयो घड्याळाकडे बघत बसली.

"काढू का गं?"

"थांब. अजून दोन मिनिटं आहेत."