अकराची मिरवणूक

हॉलिस बॅगवेलने आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली. शाळेत एकतीस वर्षं तेवढंच काम. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरने त्याचं लायसन काढून घेतलं तेव्हा गावाला धक्का बसला, पण त्याला नाही. नियम आहे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरीवरची कार्ट, गोल्फच्या मैदानावर असते तशी, घेऊन आला. आमच्या डॉगवुड बेंडमध्ये साठीनंतर सगळ्यांकडे कार्ट असतेच. ताशी वीस मैल, मागे केशरी त्रिकोण, वर झेंडा, आणि पस्तीस मैलांपेक्षा जास्त वेगाच्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. त्याला लायसनही लागत नाही, ओळखपत्र पुरतं. हा नियम करणाऱ्यांनी डोळे कुणाचे तपासले होते देव जाणे.

त्याची बायको नॉर्मा मोठ्या रस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. डोकं काम करेनासं झालेलं. जेवायची फक्त हॉलिसच्या हातून, तेही त्याने घरून आणलेलं चीजचं सँडविच आणि पीचची खीर. नर्सने चमचा पुढे केला की दातखीळ. म्हणून हा रोज अकरा वाजता डबा घेऊन निघायचा आणि कार्टसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांवरून पलीकडे जायचा.

जूनमध्ये राज्याच्या रस्ते खात्याच्या लोकांनी रस्ता नव्याने डांबरला आणि पिवळे पट्टे मारायचे विसरले. पट्टे नाहीत म्हणजे क्रॉसिंग नाही, क्रॉसिंग नाही म्हणजे कार्टला बंदी, पायी जाणाऱ्यालाही. पट्टे परत मारायला आधी रहदारीचा अभ्यास करावा लागेल म्हणे, आणि अभ्यासाला सहा आठवडे. चाळीस फूट रस्ता. मी तेवढ्या वेळात कोटभर पत्रं वाटली असती.

मी व्हर्ना टॅलबर्ट, त्याची शेजारीण, अठ्ठावीस वर्षं पोस्टात होते. म्हटलं, चल, मी माझ्या मोटारीतून सोडते.

"व्हर्ना, तुला गाडी मीच शिकवली," तो म्हणाला. "तू वळताना आरशात बघत नाहीस. मी तुझ्या गाडीत बसणार नाही."

गावात ज्याने ज्याने विचारलं त्याला असंच उत्तर. सगळे त्याचेच विद्यार्थी, सगळ्यांचे दोष तोंडपाठ. गपचूप पट्ट्यांशिवाय पलीकडे जा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी बँक लुटायला सांगितलं. दोन दिवस नॉर्मा जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. गावाच्या नियमांचं पुस्तक उघडून बसले. पोस्टातल्या माणसाला बारीक अक्षराची भीती नसते. चौदाव्या कलमात सापडलं: मिरवणुकीतल्या कार्टला कुठलाही बंद रस्ता ओलांडता येईल. अटी चारच. किमान तीन वाहनं, एक झेंडा, थोडं संगीत आणि मिरवणुकीचं कारण. एकच कारण वर्षात दोनदा चालणार नाही.

गावच्या कार्यालयातली ट्वायला प्रुइट अर्ज घेते. तिलाही हॉलिसने शिकवलेलं, आणि ती पार्किंगमध्ये नापास झालेली.

"कारण काय लिहू, सर?" तिने विचारलं.

हॉलिस विचारात पडला. खोटं लिहायचं नाही हा त्याचा हट्ट. शेवटी म्हणाला, "व्हर्नाच्या मांजरीला आज सात वर्षं झाली." हे खरं होतं. ट्वायलाने शिक्का मारला.

आणि अकरा वाजता आम्ही निघालो. पुढे पोलीस ड्वाइट हॅमिल्टन, दिवे लावून, कारण मिरवणुकीपुढे पोलीस असतोच. त्यामागे हॉलिस, मांडीवर डबा. त्यामागे मी माझ्या कार्टमध्ये मांजरीसकट, आणि शेवटी आमच्या गल्लीतला मर्ल, शाळेच्या बँडमधलं जुनं पितळी ट्रंबोन वाजवत. दोन्ही बाजूंचे ट्रक थांबले. एका ट्रकवाल्याने टोपी काढून छातीशी धरली, बिचाऱ्याला वाटलं अंत्ययात्रा आहे.

मग रोजच सुरू झालं. मर्लच्या गुडघ्याला टाके पडले, मिरवणूक. माझ्या टोमॅटोला पहिलं फळ, मिरवणूक. चर्चच्या भटारखान्याचा फ्रीज बंद पडला, त्याचीही. चौथ्या आठवड्यात लोक स्वतःहून कारणं आणून देऊ लागले आणि मागे कार्टा लागू लागल्या, सव्वीस एकदा मोजल्या मी. कार्टांना कागदी फुलं, फुगे. एका बाईने घटस्फोट मंजूर झाल्याचं कारण दिलं, त्या दिवशी संगीत चांगलं झालं.

नॉर्मा खिडकीत बसायची. आश्रमातल्या मुलींनी तिच्या हातात कागदी झेंडा दिलेला. मिरवणूक दिसली की तो हलवायची, मग हॉलिस आत जायचा आणि ती सगळं सँडविच खायची. नवऱ्याला नावाने हाक मारणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मला ते बघून बरं वाटायचं आणि घरी येऊन रडू यायचं.

सहा आठवड्यांनी अभ्यास संपला. पिवळे पट्टे आले, शिवाय लाल-हिरवा दिवा, आणि दिव्याखाली पाटी. महापौरांनी फीत कापली. दुसऱ्या दिवशी हॉलिस एकटाच निघाला, हिरव्या दिव्याची वाट बघून, हात दाखवून, नियमाने.

नॉर्मा खिडकीत झेंडा घेऊन होती. तो खोलीत आला तेव्हा ती म्हणाली, "बाजूला व्हा हो. माझा नवरा यायचाय. तो मिरवणुकीने येतो."

त्याने तासभर समजावलं. खीर तशीच परत आली.

तो तडक ट्वायलाकडे गेला, मी त्याच्यामागे. तिने पुस्तक उघडून दाखवलं, डोळ्यांत पाणी. रस्ता बंद असेल तरच मिरवणुकीची परवानगी. खुल्या रस्त्यावर मिरवणूक म्हणजे वाहतुकीला अडथळा. हॉलिसने त्याच संध्याकाळी नगरसभेत तीन मिनिटं मागितली आणि क्रॉसिंग बंद करा म्हणाला. महापौर म्हणाले, "सर, ते तुमच्यासाठीच केलं." माणसाला वर्षभर मागून मिळत नाही ते याला मिळालं होतं, आणि आता नको होतं. सभेने विचार करायला तीन आठवडे मागितले.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याने माझं दार वाजवलं. टाय घातला होता. "मांजर घे," म्हणाला.

आम्ही सतरा कार्टा होतो. परवानगी एकाकडेही नाही. मर्ल वाजवत होता, हॉलिस पुढे, दिवा लाल असताना. एकतीस वर्षं ज्याने पिवळ्यालाही थांबायला शिकवलं, तो लाल दिव्यात घुसला. ट्रक थांबले. ड्वाइट मागून भोंगा वाजवत आला, पण आम्ही पलीकडे पोचल्यावरच त्याने गाठलं. मला वाटतं तोही हळू चालवत होता.

आश्रमाच्या दारात ड्वाइटने दंडाची वही काढली.

"लिही," हॉलिस म्हणाला. "आणि स्पेलिंग नीट लिही."

ती दंडाची चिठ्ठी घेऊन हॉलिस आत गेला, मी डबा घेऊन मागे. नॉर्माने झेंडा खाली ठेवला.

"आज पोलीस मागे का होता?" तिने विचारलं.

"मी नियम मोडला."

"मग तुम्ही हॉलिस नाही," ती म्हणाली. "हॉलिस कधी नियम मोडत नाही."

त्याच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. मी दाराशी डोळे मिटले.

मग तिने खुर्ची ओढून त्याच्या जवळ घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बसा पण. त्याला सांगू नका." आणि तोंड उघडलं.