उबवणीच्या कॉम्प्युटरची पूजा

परंदवडीच्या बायकांची आठशे गावरान अंडी रेणुकाच्या शेडमध्ये उबायला ठेवलेली होती. सोळावा दिवस. उबवणी यंत्राचा हीटर सांभाळायला तीस वर्षांचा म्हातारा कॉम्प्युटर, आणि आज खंडेनवमी! विळ्या-कोयत्याची पूजा करायची आणि ज्याच्या जिवावर पोट चालतं त्याला वगळायचं, हे रेणुकाला जमतंय होय? सकाळीच तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, माउसवर नारळ टेकवला. पडद्यावर तापमान ३७.७. दर तासाला डोकावली, तरी ३७.७च. बाई निर्धास्त.

दुपारी यंत्राच्या पत्र्याला हात लागला आणि चटकाच बसला! पडदा मेला अजून ३७.७ म्हणतोय. तिनं तळेगावच्या माधवरावांना फोन लावला. प्रोग्रॅम कधीकाळी त्यांनीच लिहिलेला.

"काका, हीटर थांबंना! आकडा हलत न्हाई!"

"हीटरचा स्विच पाड आधी. दारं उघड." तिनं धडपडत तसं केलं. "आता बघ, माउसवर काही पडलंय का?"

"नारळ हाय. पूजेचा."

"अगं बाई! बटण दाबून धरलंय त्यानं. नोंदवहीचा प्रोग्रॅम अडून बसलाय, हीटरच्या प्रोग्रॅमला पाळीच मिळत नाही. त्या काळच्या सिस्टीममध्ये एका प्रोग्रॅमनं जरा काम करायचं आणि आपणहून दुसऱ्याला वाट द्यायची. नाही दिली, तर बाकीचे खोळंबले. हल्लीच्या सिस्टीम पाळी हिसकावून घेतात, हिला ते येत नाही."

"पण गरम झालं ते सांगायचं तरी मला!"

"सांगायलाही हीटरच्या प्रोग्रॅमला वेळ मिळायला हवा ना गं."

तिनं नारळ उचलला. आकडा एकदम ४४.१ झाला. पंखे घरघरले, अंडी फिरवणारे ट्रे एका बाजूला कलले.

रेणुका एकेक अंडं बॅटरीच्या उजेडात धरू लागली. कालपर्यंत आतलं पिल्लू उजेड लागताच चुळबुळायचं. आज काही हलेना. दुसरं, दहावं, चाळिसावं. देवा, एक तरी!

एवढ्यात सरुबाई दारात आली. साठ अंडी तिची होती. आपोआप कलणारे ट्रे बघून म्हातारी हरखली.

"फिरत्यात की गं! बेस हायेत म्हणायची माझी पिल्लं."

"न्हाई मावशी," रेणुका म्हणाली. "मी मारली."