पोटदुखीचं उत्पन्न

कराचा फॉर्म भरण्याचा दादाचा एक शिरस्ता होता. आधी सगळं पेन्सिलीने, मग दोनदा तपासायचं, मग त्यावर शाई. अपवाद फक्त दोन ओळींचा. स्वतःचं नाव आणि ‘अवलंबून व्यक्ती’ या रकान्यातलं बहिणीचं नाव, एवढं तो पहिल्याच फटक्यात शाईने लिहून टाकायचा. त्या गोष्टी बदलत नसतात, असं त्याचं म्हणणं. बाकी जगात काय वाटेल ते होवो, ही काळ्या दगडावरची रेघ.

बहिणीला घरात सगळे आत्या म्हणत. भाचरं मोठी होऊन परगावी गेली, तरी वहिनीच्या तोंडी तेच नाव बसलं होतं. दादा मात्र अजून ‘छोटे’ अशी हाक मारायचा, आणि छोटीने साठी ओलांडली होती.

त्या रविवारी दादा जेवणाच्या टेबलावर कागदांचा पसारा मांडून बसला होता. त्याच्या हातात वैद्यकीय महाविद्यालयाकडून आलेला एक दाखला होता. वर्षभरात आत्याला एकूण किती रक्कम दिली, ते त्यावर छापलं होतं.

“हे एक बरं झालं,” तो चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. “तुझ्या पोटाच्या उपचारांचा खर्च परत मिळालाय. यावर कर नाही.”

“माझ्या पोटाला काही झालेलं नाही, दादा.”

“मग वर्षभर हॉस्पिटलात काय हवा खायला जात होतीस?”

“कामाला जात होते. तुला सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं, हे खरंच. पण दादा तेव्हा पेपर वाचत होता, आणि पेपर वाचताना त्याचं ‘हं’ काय किमतीचं असतं ते घरात सगळ्यांना माहीत. पुढे एकदा त्याने आत्याला तिच्या खोलीत पोट धरून कण्हताना पाहिलं, तिच्या पिशवीत हॉस्पिटलचा पास पाहिला, आणि सुतावरून स्वर्ग गाठला. बायकांच्या दुखण्याबद्दल फार चौकशा करू नयेत अशी त्याची समजूत. म्हणून त्याने विचारलं काहीच नाही, फक्त वहिनीला सांगून घरातलं तिखट बंद करून टाकलं. तेव्हापासून तिघंही मुकाट्याने बेचव जेवत होती. आत्याला वाटत होतं, वयामुळे दादाला तिखट सोसेनासं झालंय.

वहिनीने हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरातच ठेवलं. “म्हणजे मी वर्षभर भाजीचं मातेरं केलं ते कुणासाठी?”

दादाने चष्मा खाली ओढला आणि दाखल्यात डोकं खुपसलं.

मग आत्याने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या परीक्षेला खोटा पेशंट लागतो. खऱ्या दुखणाईताला एकच कहाणी ओळीने सगळ्या मुलांना सांगायला लावणं बरं नाही, आणि तो ती दरवेळी सारखी सांगतही नाही. म्हणून आत्या खाटेवर पडायची आणि तिच्या पित्ताशयात खडे व्हायचे. मुलं येऊन विचारायची, कुठे दुखतं, कधीपासून, जेवल्यावर वाढतं का. नीट विचारलं तर नीट उत्तर द्यायचं, घाई केली तर मूग गिळून गप्प बसायचं. खोलीतलं ते कण्हणं म्हणजे याचीच तालीम. परीक्षकांनी तिचं काम पाहिलं, आणि पुढच्या प्रत्येक परीक्षेला तिलाच बोलवायचं ठरवून टाकलं.

“तेव्हा हा उपचाराचा खर्च नाही,” ती म्हणाली. “माझी कमाई आहे. तशीच लिही.”

दादाने पेन्सिल खाली ठेवली. “तशी लिहिली तर काय होईल कळतंय का? एक तर तुला कर बसेल. दुसरं, एवढं उत्पन्न असलेलं माणूस माझ्यावर अवलंबून म्हणता येत नाही. माझी सवलत जाईल.”

“जाऊ दे.”

“सवलत गेली खड्ड्यात, छोटे. पण मी असताना तुला ही नसती उठाठेव कशाला हवी? तुला सांभाळायचा बाबांना शब्द दिलाय मी. आणि तुझं नाव शाईने लिहूनही झालंय.”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तिथेच तर घोडं अडत होतं. वाईट माणसाशी भांडणं सोपं. दादाने तिला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. शिवणाचं दुकान बंद पडून ती या घरात राहायला आली त्या दिवशी त्याने तिची ट्रंक स्वतः उचलून आत नेली होती.

पण फॉर्मवरचा तो शब्द. दरवर्षी टेबलाच्या पलीकडे कपड्यांच्या घड्या घालताना तिला तो उलटा दिसायचा, आणि उलटासुद्धा नीट वाचता यायचा. अवलंबून. पहिली काही वर्षं तिने मनावर घेतलं नाही. मग आई अंथरुणाला खिळली. आईला भरवणं, कुशीवर वळवणं, पुसून काढणं, रात्र रात्र तिच्या उशाशी बसणं, आई जाईपर्यंत सगळं आत्याने केलं. आणि त्या सगळ्या वर्षांतही फॉर्मवर अवलंबून कोण, तर आत्या. तिला संताप यायचा. संताप यायचा आणि ती टॉवेलची घडी घालायची.

“तू लिहिणार नसलास तर मी लिहीन,” ती म्हणाली.

“मग तुझं तू बघ,” दादा म्हणाला. संध्याकाळपर्यंत ती ताळ्यावर येईल, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली तेव्हा आत्या दारात उभी होती.

मदतीच्या खिडकीपलीकडे सर्दीने बेजार झालेली एक कारकून बाई होती. तिने दाखला उलटसुलट करून पाहिला.

“व्यवसाय आहे का हा? दुकान, पाटी, गिऱ्हाइकं?”

“गिऱ्हाइकं आहेत, पण तीच मला प्रश्न विचारतात.”

“मग नोकरी?”

“तीही नाही. परीक्षा असली की बोलावतात.”

“मग इथे, इतर उत्पन्न. व्यवसायाव्यतिरिक्त, किरकोळ. कशाबद्दल ते थोडक्यात लिहा.”

‘किरकोळ’ हा शब्द आत्याला रुचला नाही. पण कामाशी काम ठेवायचं, असं तिने घरूनच ठरवून आणलं होतं. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘परीक्षेत आजारी पडणे’. बाईने ते वाचलं, नाक पुसलं आणि खिडकीशी वाकून हळूच विचारलं, “मला इथं उजवीकडे अधूनमधून दुखतं हो. काय असेल?”

“मला कसं दुखतं तेवढंच कळतं,” आत्या म्हणाली. “का दुखतं ते खऱ्या डॉक्टरला विचारा. टाळू नका मात्र.”

बाईने मान हलवली आणि शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर तुम्हाला अवलंबून म्हणून दाखवलं जातं का?

“इथं ‘नाही’ म्हणालात आणि तिकडे तुमचं नाव सापडलं, तर दोघांचेही फॉर्म अडकतील. घरी विचारून या हवं तर.”

“विचारून झालंय,” आत्या म्हणाली. ‘नाही’समोर तिने अशी खूण केली की ती कागदाच्या मागच्या बाजूला उमटली. मग शेजारच्या खिडकीत जाऊन तिने कर भरला. पैसे देऊन एवढ्या खुशीत बाहेर पडलेलं माणूस त्या कचेरीने क्वचितच पाहिलं असेल.

घरी दादा टेबलाशीच बसला होता. फॉर्म तसाच समोर होता.

“भरून आलीस?”

“आले. आता तुझ्या फॉर्मवर माझं नाव चालणार नाही.”

“कराचे पैसे तरी माझ्याकडून न्यायचेस. मी नाही म्हटलं असतं का?”

“नसतंच म्हटलंस. म्हणून तर मागितले नाहीत.”

दादा घुश्शातच पेन्सिलीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “असं काय करतेस गं तिथं, की त्याचे पैसे मोजतात? पोट काय, सगळ्यांचंच दुखतं.”

“बघायचंय?”

“दाखव.”

आत्या त्याच्यासमोर खुर्चीत बसली. कण्हली नाही, पोटही धरलं नाही. वहिनीला काहीतरी सांगता सांगता ती मध्येच थांबली. उजव्या हाताने टेबलाची कड धरली, बोटं पांढरी पडली. नजर छताच्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच राहिली. ओठ घट्ट मिटलेले. बऱ्याच वेळाने तिने ते सोडवले, कसनुसं हसली आणि म्हणाली, “काही नाही रे. तू जेवून घे.”

दादाची खुर्ची मागे आपटली. तो कधी उठला आणि कधी तिच्या पाठीला हात लावून उभा राहिला, त्याचं त्यालाही कळलं नाही. “आई,” तो म्हणाला, आणि थांबला.

वहिनीने शेगडी बंद केली.

“बस, दादा,” आत्या सरळ होत म्हणाली. “झालं. एवढंच करते मी.”

तो बसला नाही. “ती असंच म्हणायची. रोज. मी समोर जेवत असायचो.”

“हो.”

“मला वाटायचं, खरंच काही नसेल.”

“तुला तसं वाटावं म्हणूनच म्हणायची.”

“आणि तुला कसं कळायचं?”

“मी जेवायला बसलेली नसायचे,” आत्या म्हणाली.

दादाने फॉर्म पुढे ओढला. मग सवयीने खोडरबर उचललं आणि त्या शाईच्या ओळीवर घासलं. नाव गेलं नाही, कागद तेवढा काळवंडला. त्याने फॉर्म दुमडून बाजूला ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

“आता कुठे निघालात?” वहिनीने विचारलं.

“नवा फॉर्म आणतो. यावर खाडाखोड चालायची नाही.” दारात तो अडखळला. “छोटे, त्या रकान्यात आता काय लिहायचं?”

“काही नाही. रेघ मारायची.” आत्याने पर्समधून एक नोट काढून त्याच्यापुढे धरली. “आणि येताना मिरच्या आण. चांगल्या झणझणीत.”

दादाचा हात नेहमीसारखा ‘राहू दे’ म्हणायला वर गेला. पण अर्ध्यातच थांबला. त्याने नोट घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि जिना उतरला.