झाडाच्या गळ्यातला पिंजरा

मी बोलतोय, झाडाभोवतीचा लोखंडी पिंजरा. थांबू नका. तसेही तुम्ही कधी थांबत नाही, चालता चालता ऐका.

एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. उभ्या सळ्या, आडव्या कड्या आणि वर हिरवा रंग. एका इमारतीसमोरच्या फुटपाथवर मला रोवलं आणि माझ्या पोटात एक काडीसारखं रोप लावलं. माझ्या वरच्या कडीला पाटी बसवली, इमारतीच्या अध्यक्षांच्या दिवंगत वडिलांच्या नावाची. या अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. त्या दिवशी टाळ्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत पाटी नीट यावी म्हणून दादांनी रोपच जरा वाकवून धरलं!

मी मात्र इमानेइतबारे राखण केली. सायकलींचे धक्के खाल्ले, कचऱ्याच्या पिशव्या अंगाखांद्यावर वागवल्या. दादांची बहीण रोज बादलीभर पाणी घालायची. तिला सगळे ताई म्हणतात. तिच्यामुळे रोप जगलं, चांगलं उंच झालं.

झाड झालं आणि लोकांची कुरकुर सुरू झाली. तळमजल्यावरच्या औषधवाल्याचा म्हणे फलक झाकला जातो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना पानांचा कचरा नको. ऊन तापलं की गाडी लावायला मात्र दोघांची झाडाखाली झटापट. सावली सगळ्यांना हवी, झाड तेवढं शेजाऱ्याच्या दारात हवं.

हेही मी सोसलं असतं. पण खोड जाड होत गेलं आणि माझ्या कड्या त्यात रुतायला लागल्या. मला वेळीच काढायला हवं होतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी ताईच्या लक्षात आलं. तिने वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो करवत लावणार, एवढ्यात दादा अनवाणीच धावत खाली आले.

"खबरदार हात लावलास तर! बाबांचं नाव आहे त्यावर."

"अरे दादा, पाटी आपण भिंतीवर लावू ना. झाडाचा गळा आवळलाय बघ."

"काहीतरीच काय! पिंजरा आहे म्हणून तर ते उभं आहे."

"बाबांना झाडं आवडायची रे. लोखंड नाही."

दादा काही बोलणार, तेवढ्यात औषधवाल्याने दुकानातून मान बाहेर काढली. "मी काय म्हणतो, झाडच काढून टाका की! वादच मिटेल."

वरून काकू म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातलं बोललात."

वेल्डिंगवाला करवत पिशवीत टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दादांनी मला स्वतःच्या हाताने नवा रंग दिला. आता येणारे-जाणारे म्हणतात, "किती जपतात हो ही माणसं झाडाला!" ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही होते.

यंदा शेंड्याला पालवी फुटलीच नाही. औषधवाला सांगत सुटलाय की झाडच मुळात रोगट. ताई अजून पाणी घालते. ते वर चढायला मी जागा कुठे ठेवलीय?

तुमच्या घरी लोखंड कापायची करवत असेल तर घेऊन या. दादा ओरडतील, ओरडू द्या. माझे तुकडे करा, भंगारात टाका, मला वाईट वाटणार नाही. ज्याला जपायला मला घडवलं, त्याचाच जीव मी घेतोय, आणि माझी मिठी मला सोडवता येत नाही.